काठ नसलेलं पदक

"राजेसाहेबांच्या चेहऱ्यापेक्षा उंच काही दिसता कामा नये. पदकाचा काठसुद्धा नाही!" मंत्र्यांनी बजावलं.

पदकं घडवण्यात केस पिकलेला कारागीर म्हणाला, "साहेब, काठ उंच असतो म्हणून तर चेहरा झिजत नाही."

"अक्कल पाजळू नकोस."

म्हाताऱ्यानं मान डोलावली आणि तंतोतंत तसंच केलं. वरून हुकूम निघाला, प्रत्येक अधिकाऱ्यानं पदक रोज घासून लख्ख करायचं. वर्षभरात सगळ्यांच्या छातीवर राजेसाहेब बिननाकाचे झाले.

मंत्री तणतणत आले. "शेंबडी पोरंसुद्धा हसतायत! नवी पदकं कर, चांगला उंच काठ ठेवून."

म्हाताऱ्यानं कोरा कागद पुढे सरकवला.

"करतो की. फक्त राजेसाहेबांपेक्षा उंच काहीतरी लागतंच, एवढं लेखी द्या."