शुक्रवारची पाळणूक

शुक्रवारी भट्टीवर माणसं येणार नाहीत, अशी चिन्हं साईराजला बुधवारी सकाळी सव्वानऊला दिसली. तेव्हा त्याला मॅनेजर होऊन तेवीस दिवस झाले होते.

"बेळगुंदीची जत्रा जवळ आली, साहेब," साचे करणारा रवळू म्हणाला. "जत्रा हुईस्तोवर दर शुक्रवारी पाळणूक. गावात कोण नांगराला हात लावत न्हाय."

"आणि कारखान्यात?"

"ते अण्णाला इच्यारा."

भावकू अण्णा हा भट्टीवरचा सगळ्यात जुना माणूस. एकतीस वर्षं झालेली, दिवाळीत रिटायर होणार होता. तो पिण्याच्या पाण्याच्या कूलरपाशी उभा होता. कूलरवर आधीच्या मॅनेजरच्या नावाची छोटी पाटी होती. अण्णानं ग्लास रिकामा केला, विसळला, उपडा ठेवला आणि मग म्हणाला, "गाव करंल ते आम्ही, साहेब."

भट्टीवरच्या बावीस माणसांपैकी वीस बेळगुंदीची होती.

मालक श्रीनाथरावांना जत्रेत रस नव्हता. "शुक्रवारी ओतकाम झालं नाही तर दोनशे चाळीस पंपांची ऑर्डर कोल्हापूरला जाते," ते म्हणाले, "आणि तुमची खुर्ची युवराजकडे." युवराज त्यांचा पुतण्या. तो आठवड्यातून दोनदा साईराजच्या केबिनमध्ये येऊन पडद्यांचा रंग बघून जायचा.

साईराज डगमगला नाही. मागचा अख्खा शुक्रवार तो कॅम्पातल्या एका हॉटेलात 'नव्या व्यवस्थापकांसाठी नेतृत्व' या शिबिरात बसून आला होता, जेवणासह. वहीत मुद्दे होते. हुकूम सोडू नका, माणसांच्या दारी जा. कागद बघू नका, माणसं बघा. हा दुसरा मुद्दा त्याला एवढा पटला होता, की परत आल्यापासून त्यानं हजेरीचं मस्टर उघडलं नव्हतं.

संध्याकाळी तो मोटरसायकलवरून बेळगुंदीला गेला. अण्णाच्या अंगणात एकच प्लॅस्टिकची खुर्ची मांडलेली होती.

"बसा, साहेब. पुसूनच ठेवलीया," अण्णाची बायको मालुबाई म्हणाली.

"मी येणार हे माहीत होतं तुम्हाला?"

"आता नवं साहेब म्हटल्यावर... रताळी खातासा न्हवं? उकडल्यात."

साईराजनं तीन रताळी खाल्ली. मग तो मुद्द्यावर आला. देवीबद्दल आपल्याला आदर आहे, हे त्यानं दोनदा सांगितलं. अण्णानं दोन्ही वेळा मान हलवली.

"शुक्रवारी एक दिवस, अण्णा. तुमची काही मागणी असेल तर सांगा."

"मागणी कसली? आमची मागायची पद्धत न्हाय." अण्णानं रताळ्याची साल सोलून ताटलीच्या कडेला नीट लावली. "भट्टीपाशी लई घुसमटतंय म्हणा. परवा शामूला चक्कर आलती. पर ते ऱ्हाऊ द्या."

वहीत तिसरा मुद्दा होता: मागण्याआधी द्या.

"दोन मोठे एक्झॉस्ट पंखे," साईराज म्हणाला. "मी शब्द देतो."

"शब्द काय, आधीच्या साहेबांनी बी दिलता."

"मी सही आणतो. उद्या."

"मग मी बोलतो गावात," अण्णा म्हणाला. "पर अवघड हाय, साहेब. लई अवघड हाय."

गुरुवारी सकाळी साईराज मालकांसमोर जाऊन उभा राहिला. पंखे कशाला, असं मालकांनी चार वेळा विचारलं. त्यानं चार वेळा तेच उत्तर दिलं. बस म्हटल्यावर बसला नाही. चहा आला, तो गार झाला. पावणेबाराला मालकांनी सही केली, बहुतेक त्याच्या उभं राहण्याला कंटाळून. तो कागद त्यानं स्वतः भट्टीवर नेऊन अण्णाच्या हातात दिला. अण्णानं घडी घालून टोपीत ठेवला.

शुक्रवारी सकाळी आठला साईराज गेटवर उभा होता. आठ वाजून चार मिनिटांनी बेळगुंदीचा टेम्पो वळला. त्यानं माणसं मोजली. वीस. त्यानं पुढे होऊन टेम्पोचं मागचं फाळकं स्वतः उघडलं. ते शिबिरात सांगितलं नव्हतं.

शेवटचा साचा पावणेपाचला भरला. दोनशे चाळीस. मालकांनी सगळ्यांसमोर त्याचा हात हातात घेतला. युवराजनं पडद्यांकडे एकदा शेवटचं बघितलं आणि गाडी काढली. साईराजनं वहीत नवीन पान उघडून वर लिहिलं: 'माणसं जिंकावी लागतात.' खाली दोन रेघा मारल्या.

तेव्हा टेम्पो बेळगुंदीच्या वाटेला लागला होता.

"अण्णा," रवळू म्हणाला, "त्यानं मस्टर उघडलं असतं तर? गेल्या शुक्रवारी बी पाळणूकच होती, अन् आपण समदी कामावर होतो की."

"पाळणूक शेताची रं. कारखान्याची कवा होती?" अण्णानं टोपी काढून घाम पुसला, कागद चाचपला. "मागच्या साहेबाला भाताची रोवणी सांगितलती, कूलर आला. ह्याला पाळणूक सांगितली, पंखं आलं. दिवाळीनंतर तू हाईस, म्हणून सांगतो. नवा मॅनेजर आला की पयल्या म्हैन्यात त्याला एकदा जिंकू द्यायचं."