होडीने शेवटच्या गावाला

धरणातून पाणी सुटायचं, पण नदीच्या पार खालच्या अंगाला असलेल्या रंभाजीच्या गावात चार उन्हाळे थेंबही पोचला नव्हता. गाऱ्हाणं नेलं की धरणावरचे साहेब म्हणत, "मी स्वतः पाणी सोडलंय. मधेच कुठं जाईल?"

शहाण्णव साली पुण्याच्या रविराजने राजूरजवळून रबरी होडीची मुक्कामी सहल सुरू केली, तेव्हा रंभाजीने आग्रह करून साहेबांनाच आपल्यासोबत तीत बसवलं. "होडीतनं थेट आमच्या गावाला चला. उद्या दुपारचं जेवान माझ्याकडं!"

पहिला दिवस साहेब लहान पोरासारखे खिदळले. संध्याकाळी काठावर तंबू ठोकले, शेकोटी पेटली. रात्रभर दोन्ही काठांवरच्या मोटारी नदीतलं पाणी ओढत राहिल्या. सकाळी पाहतात तर होडी वाळूवर टेकलेली आणि पात्रात घोटाभर पाणी.

रविराजने कपाळावर हात मारला. "साहेब, आता पुढं चालतच जावं लागेल."

"रंभाजी, तुमचं गाव अजून किती लांब?" बूट चढवत साहेबांनी विचारलं.


"सात कोस. पन घाबरू नगा साहेब. पान्याला चार वर्षांत जमलं न्हाई, तुमी दिवस मावळायच्या आत पोचताल."