अस्सल

दुष्काळात सोसायटीनं चारा छावणी उघडली होती, पण पावती छापणारा कॉम्प्युटर सकाळपासून एकच गोष्ट मागत होता: प्रोग्रॅमची मूळ फ्लॉपी. ती उन्हानं वाकली होती आणि तिची नक्कल मशीन घेत नव्हतं. क्लार्क शहादेवनं पुण्याला कंपनीत फोन लावला.

"खराब झालेली मूळ फ्लॉपी पोस्टानं पाठवा, बघून नवी देऊ," तिकडचा माणूस म्हणाला. "नक्कल चालत नाही. उद्या कुणीही नक्कल घेऊन येईल."

शहादेवचं टाळकंच फिरलं. "ओ साहेब, आमाला काय चोर समजलात का? रीतसर घेतलंय तुमच्याकडून. हितं चाऱ्यावाचून जनावरं मरायलीत अन् तुमाला अस्सल-नक्कल सुचायलंय." त्यानं रिसीव्हर आपटला.

वळून बघतो तर टेबलापुढं दगडाबाई उभी. चाऱ्याच्या पावतीला सातबाऱ्याची झेरॉक्स चालत नाही, उद्या कुणीही घेऊन येईल, असं सांगून त्यानंच तिला दोनदा परत पाठवलं होतं. तिनं पदराची गाठ सोडली आणि केजला हेलपाटे घालून आणलेला शिक्क्याचा सातबारा टेबलावर ठेवला.

शहादेवनं नजर मशीनकडं वळवली. "मावशी, आज पावती निघायची न्हाई. मशीन अस्सल मागायलंय."

"पावती आता कशाला? बैल मेला सकाळी." तिनं कागद त्याच्याकडं सरकवला. "ह्यो घाल तुझ्या मशीनीत. अस्सल हाय."