हिरव्या खुणा

तपासणीसाठी गणितं पाठवताना मी प्रत्येक पायरी वेगळ्या ओळीत लिहितो. माझा माझ्यावर भरवसा नाही, आणि परदेशातल्या, स्कारबरोच्या या बेसमेंटमध्ये विचारायला दुसरं कुणी नाही.

शाळेच्या छताच्या बीमच्या गणितांची माझी पानं तपासणाऱ्या नीलिमाचा फोन आला.

"काका, टिकमार्क करायचं काम माझं ना? तुम्हीच हिरव्या पेन्सिलीने सगळं तपासून पाठवलंत!"

माझ्याकडे हिरवी पेन्सिल नाही.

"आकडे बरोबर आहेत?" मी घाबरत विचारलं.

"सगळे. आता शेवटचं पान तेवढं पाठवा."

मी कोरा कागद पुढे ओढला. मी अजून न लिहिलेल्या प्रत्येक ओळीशेजारी हिरवी खूण होती. अगदी तळाशी, बीम छत पेलेल की नाही ते लिहायच्या जागी, फुली होती.