सुभद्रेचा वाडगा

बायको कशाने गेली हे धाकूला कळलं, त्या दिवशी आरोग्यसेविका मनाली घरोघर विष दाखवणारी पळी वाटत होती. शेतातल्या मातीतलं आर्सेनिक अन्नात उतरलं असेल, तर पळी जांभळी होते.

धाकूने ती ताज्या भातात घातली. जेमतेम रंग आला.

“म्हणजे भात बरा आहे.”

“काका, पेजेत घाला. विष पाण्यात उतरतं.”

सुभद्रा जाऊन दोन महिने झाले, तरी धाकू पेज तिच्याच वाडग्यात काढायचा. तिथे पळी गडद जांभळी झाली.

तीस वर्षं सुभद्रा भात वेळून, वरचं पाणी काढून त्याला वाढायची आणि ती पेज स्वतः प्यायची. “ताकद मला, चोथा तुम्हाला,” म्हणून हसायची.

मनाली पुढच्या घरी गेली. वाडग्यातली पेज अजून ओतून टाकायची राहिली आहे.