चहानंतरची प्रार्थना

“शमुवेलकाका, आजपासून आधी चहा, मग तुमची प्रार्थना,” नवे पाळक गोड हसून म्हणाले. चर्चच्या शुक्रवारच्या सभेचा समारोप काकाच करत. आजाऱ्यांपासून हवामान खात्यापर्यंत सगळ्यांसाठी ते देवाकडे मागत आणि तोवर चहाचं पार सरबत होई. निवृत्तीनंतर त्यांना हा एवढाच मान उरला होता.

त्यांनी निमूट चहा घेतला, डोळे मिटले आणि नेहमीसारखं सविस्तर मागितलं. त्यांच्या ‘आमेन’ला मात्र कुणाचंच ‘आमेन’ आलं नाही. डोळे उघडून बघतात, तर समोरची बाकं रिकामी! मंडळी चहा पिऊन पसार.

काका निघाले, तोच खांबाआडच्या बाकावरून रूथमावशी कडाडल्या, “कुठं निघालात? माझ्या गुडघ्यांचं राहिलं की!”

काकांनी डोळे मिटले आणि डाव्या गुडघ्यापासून सुरुवात केली.