स्पीकरचा कागद

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला सगळी चाळ निघाली होती. जाताना शेजारच्या सुंदराबाईंनी दारातूनच मला बजावलं, "भावजी, संध्याकाळच्या सभेला तुमचा अँप्लिफायर हवाय. पण ती शीळ आधी बंद करा हां, डोक्यात जाते."

मग मी एकटाच उरलो. त्याची मला सवय आहे. माझ्या खोलीत दुसऱ्या कुणाचा श्वास कधी नसतोच.

अँप्लिफायर मी घरीच जोडला होता. माइक लावलेला नसला तरी तो आपला शीळ घालायचा. मी स्पीकरच्या दोन तारांमध्ये एक रेझिस्टर आणि एक कंडेन्सर सोल्डर केला. शीळ तिथल्या तिथे थांबली.

तेव्हा मला स्पीकरच्या तोंडावरचा काळा कागद हलताना दिसला. आवाज काहीच नव्हता. कागद हळूच पुढे यायचा आणि हळूच मागे जायचा.

मी बटण बंद केलं. व्हॉल्व्हच्या काचेतली लाली विझली. कागद हलतच होता.

मी तारा सोडवल्या आणि स्पीकर चटईवर उताणा ठेवला. कागद वर आला, खाली गेला.

माझाच श्वास लागत असेल त्याला. मूर्खा, म्हटलं, स्वतःच्या फुंकरीला घाबरतोस? खात्री करायला मी श्वास रोखला.

कागद थांबला.

हायसं वाटलं. तरी मी श्वास सोडला नाही. खात्री पुरती हवी होती. चाळीत नळसुद्धा गळत नव्हता. कानात रक्त वाजू लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. मी श्वास रोखूनच होतो.

शेवटी कागदाला राहवेना. त्याने आधी श्वास घेतला.